कुंडींतला वाटाणा आणि व्यापाराचें चलच्चित्र



व्यापार आणि जाहिरात यांचें नातें फार जुनें आहे. कुंभार मडक्यावर टिचकी मारून त्याचा नाद गिऱ्हाइकास ऐकवितो, कल्हईवाला चकाकणारें पातेलें दाराशीं उलटें धरून दाखवितो, तेव्हां तेहि जाहिरातच करीत असतात. मात्र ही जाहिरात समोर उभ्या असलेल्या माणसापुरतीच असते. जें समोरच्यास दाखवितां येतें तेंच शंभर कोसांवरच्या माणसास दाखवितां आलें तर व्यापाराची मर्यादा केवढी वाढेल, हा विचार व्यापाऱ्याच्या मनांत पुरातन काळापासून असला पाहिजे. चलच्चित्राच्या शोधानें तो प्रथम शक्य झाला, आणि आपल्या काळांत तो अगदीं सामान्य माणसाच्या आवांक्यांत आला.

आज चित्र घेण्याचें यंत्र मोबाइल फोनच्या रूपानें जवळजवळ प्रत्येक दुकानदाराच्या खिशांत असतें, आणि घेतलेला व्हिडिओ इंटरनेटवर मांडण्यास वेगळें मूल्य द्यावें लागत नाहीं. तरीहि लोणचीं-मसाले करणारी गृहिणी, पैठणी विणणारा विणकर किंवा आळींतला सायकल दुरुस्त करणारा कारागीर यांना एक शंका सतावते. मोठमोठ्या कंपन्या जाहिरातींवर कोट्यवधि रुपये खर्च करतात. तेथें आपल्या तुटपुंज्या भांडवलांतून केलेल्या दोन मिनिटांच्या चित्राकडे कोण पाहणार? या शंकेचें उत्तर देण्यास मी कोणी व्यापारी नव्हे. उभें आयुष्य शाळेंत इतिहास शिकविण्यांत गेलें, तेव्हां उत्तरहि इतिहासांतच शोधावें हें मला सोयीचें. गेल्या सवाशें वर्षांतील कांहीं प्रसंग आज आपल्यापुढें ठेवतों. थोड्या खर्चांत परिणामकारक चित्र कसें होतें, आणि तो थोडा खर्च खरोखर कोणत्या रूपानें भरून द्यावा लागतो, हें त्यांवरून ध्यानांत येईल.

आरंभ अर्थातच ल्यूमिएर बंधूंपासून. २८ डिसेंबर १८९५ रोजीं त्यांनीं पॅरिसमध्यें तिकीट लावून आपल्या चलच्चित्रांचा पहिला खेळ केला. त्या खेळांत एक चित्र होतें तें कारखान्यांतून सुटून बाहेर पडणाऱ्या कामगारांचें. हा कारखाना दुसऱ्या कोणाचा नव्हता. छायाचित्रणाच्या कांचा तयार करणारा लिऑं येथील तो ल्यूमिएरांचा स्वतःचाच कारखाना. दार उघडतें, माणसें घाईनें बाहेर पडतात, आणि मिनीटभराच्या आंत चित्र संपतें. तें जाहिरातीच्या हेतूनें घेतलें असें कोणी म्हणणार नाहीं. पण चलच्चित्राच्या जन्मकाळींच एका उद्योगानें आपलें दार जगापुढें उघडलें, हा योगायोग मोठा मनोरम आहे. पुढें ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईस वॉटसन हॉटेलांत एक रुपया तिकिटाचा खेळ झाला, त्यांतहि हें कारखान्याचें चित्र होतें.

त्याच १८९६ सालीं स्वित्झर्लंडमध्यें लावांशी-क्लार्क नांवाचे एक गृहस्थ ल्यूमिएरांचें यंत्र चालवीत होते. सनलाइट साबणाच्या व्यापाराशींहि त्यांचा संबंध होता. त्यांनीं कपडे धुणाऱ्या स्त्रियांचें चित्र घेतलें आणि सनलाइटचीं खोकीं प्रेक्षकांच्या नजरेस पडतील अशीं पुढें मांडून ठेवलीं. थोड्याच काळानें, १८९७-९८ च्या सुमारास, अमेरिकेंत ड्युअर्स व्हिस्कीकरितां एक चित्र झालें. त्यांत स्कॉटलंडी पोशाख केलेले पुरुष नाचतात आणि त्यांच्यामागें व्हिस्कीचें नांव झळकतें. हीं दोन चित्रें शेजारीं शेजारीं ठेवून पाहावीं. पहिल्यांत वस्तु आपलें काम करतांना दिसते. दुसऱ्यांत करमणूक होते आणि तिच्या ओघांत वस्तूचें नांव ध्यानांत राहतें. व्यापारी चित्राचे हे दोन मार्ग तेव्हांपासून आजतागायत चालू आहेत. दुसऱ्या मार्गानें जाणारास नट, नाच, संगीत, सजावट यांचा खर्च करावा लागतो. पहिल्यास मात्र वस्तूच्या अंगीं खरोखर कांहीं गुण असावा लागतो.

या पहिल्या मार्गाचें सर्वांत सुंदर उदाहरण आपल्याच मुंबईंत, दादरला घडलें. धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके १९१२ सालीं लंडनला जाऊन, चित्रपटाच्या कलेची माहिती करून घेऊन परत आले. येतांना त्यांनीं विल्यमसन नांवाच्या कॅमेऱ्याची मागणी नोंदविली होती. यंत्र आलें, चित्रपट करण्याचा निश्चय तर केव्हांच झालेला होता, अडचण होती ती भांडवलाची. आपल्या देशांत आपल्या माणसांच्या हातून चित्रपट होऊं शकतो, या गोष्टीवर सावकाराचा विश्वास बसावा कसा? फाळक्यांनीं त्यांच्यापुढें लांबलचक व्याख्यान दिलें नाहीं. त्यांनीं एका कुंडींत वाटाणा पेरला, कॅमेरा एका जागीं पक्का बसविला, आणि महिनाभराहून अधिक काळ ठराविक अंतरानें त्या कुंडीचीं एकेक करून चित्रें घेतलीं. तीं सलग दाखविलीं तेव्हां अवघ्या मिनीटभरांत बीं फुटून अंकुर वर आला, त्यास पानें फुटलीं, आणि पाहतां पाहतां त्याची वेल झाली. ‘अंकुराची वाढ’ या नांवानें हें चित्र पुढें प्रसिद्ध पावलें. तें पाहून यशवंतराव नाडकर्णी यांच्यासारख्या गृहस्थांनीं कर्ज देऊं केलें. त्यांतून आणि सरस्वतीबाईंच्या दागिन्यांवर काढलेल्या रकमेंतून ‘राजा हरिश्चंद्र’ उभा राहिला, आणि ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रगृहांत तो लोकांपुढें आला.

शाळामास्तराच्या सवयीनें येथें थोडें गणित मांडतों. त्या काळीं चित्रपट सेकंदाला साधारण सोळा चित्रांच्या गतीनें दाखवीत. म्हणजे मिनीटभराच्या चित्राला सुमारें साडेनऊशें चित्रें लागतात. महिन्याचे तीस दिवस धरले तर रोजचीं तीस-बत्तीस. यंत्र आधींच घरांत होतें. मग नवा खर्च तो कशाचा? एक कुंडी, एक वाटाणा आणि थोडी फीत. बाकी सारें मोल महिनाभराच्या चिकाटीचें. आणखीहि एक गोष्ट विसरतां कामा नये. या मिनीटभरामागें मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंतलें आणि बडोद्याच्या कलाभवनांतलें शिक्षण होतें, गोध्र्यास छायाचित्राचा धंदा करून मिळविलेला अनुभव होता, छापखान्यांतलीं वर्षें होतीं, जादूचे प्रयोग करून कमावलेली नजरबंदीची समज होती. फिती धुण्याच्या आणि त्यांस छिद्रें पाडण्याच्या कामांत सरस्वतीबाईंचा हातभार होता तो वेगळाच. चित्र स्वस्तांत झालें, याचा अर्थ इतकाच कीं त्याची किंमत रोख रकमेंत मोजली गेली नाहीं.

आणि त्या चित्राची निवड तरी किती मार्मिक! फाळक्यांना एकच गोष्ट सिद्ध करावयाची होती: हें यंत्र माझ्या हातीं चालतें, आणि डोळ्यांना कधीं दिसत नाहीं तें मी दाखवूं शकतों. त्यांनीं तेवढीच सिद्ध केली. देवादिकांच्या कथा, भव्य देखावे, स्वतःचें कौतुक यांपैकीं त्या मिनिटांत कांहींच नव्हतें. कोणापुढें ठेवावयाचें आणि त्यानें पाहून काय करावें, हें त्यांच्या मनांत आरंभापासून निश्चित होतें. सुरतेस ‘हरिश्चंद्रा’स प्रेक्षक जमेनात, तेव्हां सत्तावन्न हजार छायाचित्रें, दोन मैल लांबीचें चित्र, आणि तें तीन आण्यांत, अशा अर्थाची जाहिरात त्यांनीं केली, अशी हकीकत चित्रपटाच्या इतिहासांत नमूद आहे. दोन आण्यांस तासन् तास नाटक पाहणाऱ्या प्रेक्षकाला आपल्या पैशाचा मोबदला मापानें मोजून हवा असतो, हें त्या चतुर पुरुषानें बरोबर ओळखलें होतें.

यानंतरच्या साठ-सत्तर वर्षांत मात्र व्यापारी चित्र सामान्य माणसाच्या हातांतून निसटलें. त्याचें कारण चित्र करण्याच्या खर्चापेक्षां तें दाखविण्याच्या खर्चांत अधिक सांपडतें. अमेरिकेंत १ जुलै १९४१ रोजीं दूरचित्रवाणीवर पहिली अधिकृत जाहिरात झाली. पडद्यावर देशाचा नकाशा, त्यावर बुलोव्हा कंपनीचें घड्याळ, आणि एक वाक्य. एवढीच दहा सेकंदांची ती जाहिरात, आणि तिचा आकार सारा मिळून नऊ डॉलर. पण जसजसे घरोघरीं संच आले तसतसा हा दर गगनास भिडला. जाहिरातीचें चित्र लोकांपर्यंत नेणारें दार एकच, आणि त्याच्या किल्ल्या मोजक्या हातांत. मग दारावरची पट्टी वाढणारच. आपल्याकडे १ नोव्हेंबर १९६७ रोजीं विविध भारतीवरून मुंबई, पुणें आणि नागपूर येथें जाहिराती ऐकूं येऊं लागल्या, आणि १ जानेवारी १९७६ पासून दूरदर्शनवर त्या दिसूं लागल्या. एका एका सेकंदास मोल आल्यामुळें त्या सेकंदांत घालावयाचें चित्रहि डौलदार असावें असें वाटणें स्वाभाविक होतें. नामवंत नट आले, परदेशांतील पर्वतशिखरें आलीं, आणि लहान व्यापाऱ्यानें हा नाद सोडून दिला.

तथापि याहि काळांत एक सुखद अपवाद आहे. १५ मार्च १९५९ रोजीं गिरगांवांतल्या एका चाळीच्या गच्चीवर सात स्त्रियांनीं उसन्या ८० रुपयांवर पापड लाटण्यास आरंभ केला. तोच पुढें लिज्जत पापडाचा प्रचंड गृहउद्योग झाला. दूरदर्शनवर त्यांची जी जाहिरात घरोघरीं परिचित झाली तिच्यांत कोणी नटी नव्हती. शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांचा ससा होता, आणि तो कुरकुरीत पापडाचा आवाज करून हसत होता. पापडाचा मुख्य गुण म्हणजे त्याचा कुरकुरीतपणा. तो डोळ्यांस दिसत नाहीं, कानास ऐकूं येतो. ज्यांनीं हें ओळखलें त्यांना एका बाहुल्यावर भागवितां आलें. येथेंहि एकच गुण, तो स्वच्छ दाखविलेला, आणि त्यामागें एका कलावंताची जन्माची साधना.

मग ज्या दारानें लहान व्यापाऱ्यास अडविलें होतें तें दारच एके दिवशीं नाहींसें झालें. २३ एप्रिल २००५ रोजीं यूट्यूब या नव्या संकेतस्थळावर पहिली चित्रफीत चढली. एक तरुण प्राणिसंग्रहालयांत हत्तींसमोर उभा राहून त्यांच्या सोंडेविषयीं दोन शब्द बोलतो. एकोणीस सेकंदांत चित्र समाप्त. त्यांत पाहण्याजोगें विशेष कांहींच नाहीं. पण आतां चित्र दाखविण्यास कोणाची परवानगी नको आणि कोणास भाडें नको, ही वार्ता त्या एकोणीस सेकंदांनीं जगास दिली.

याचा लाभ व्यापाऱ्यानें कसा घ्यावा हें पुढच्याच वर्षीं अमेरिकेंतील यूटा प्रांतांतल्या एका कारखान्यानें दाखविलें. ब्लेंडटेक ही मिक्सर तयार करणारी कंपनी. तिचे संस्थापक टॉम डिक्सन आपल्या यंत्राची कसोटी पाहण्याकरितां त्यांत लांकडाचे तुकडे घालून भरडीत असत. २००६ सालीं नव्यानें आलेल्या विक्री-अधिकाऱ्यानें, जॉर्ज राइट यांनीं, कारखान्यांत पडलेला भुसा पाहिला आणि चौकशी केली. कारखान्यांतल्यांस ही गोष्ट इतकी नित्याची होती कीं ती कोणास दाखवावी असें कधीं सुचलें नव्हतें. राइटनीं अवघ्या ५० डॉलरांत एक पांढरा डगला आणि भरडण्याचें सामान आणविलें. डिक्सन स्वतःच कॅमेऱ्यापुढें उभे राहिले. आणि ‘हें भरडलें जाईल काय?’ असा प्रश्न विचारून त्यांनीं गोट्यांसारख्या वस्तु मिक्सरांत टाकल्या. थोड्याच दिवसांत लक्षावधि लोकांनीं तीं चित्रें पाहिलीं आणि कंपनीचा घरगुती मिक्सर कित्येक पटींनीं अधिक विकला गेला. पन्नास डॉलर आणि कुंडींतला वाटाणा यांत शंभर वर्षांचें अंतर आहे, पण जात एकच आहे. जेथें यंत्र खरोखर मजबूत होतें तेथें कारखान्यांतली रोजची कसोटी हीच जाहिरात ठरली. यंत्र कच्चें असतें तर त्याच चित्रानें कंपनीचें हसें केलें असतें.

दुसरें उदाहरण मार्च २०१२ मधील. दाढीचीं पातीं दरमहा घरपोंच पाठविणारी डॉलर शेव्ह क्लब ही छोटी कंपनी. तिचे चालक मायकेल डुबिन यांनीं आपल्याच गोदामांत दीड मिनिटाचा एक विनोदी व्हिडिओ तयार केला; खर्च आला सुमारें ४५०० डॉलर. पहिल्या दोन दिवसांत बारा हजार मागण्या आल्या, आणि गर्दीनें कंपनीचें संकेतस्थळच बंद पडलें. २०१६ सालीं युनिलिव्हरनें ही कंपनी विकत घेतली. हा दुसरा मार्ग, म्हणजे करमणुकीचा. मग तो एवढा स्वस्त कसा पडला? कारण डुबिन यांनीं उत्स्फूर्त विनोदी अभिनयाचें शिक्षण अनेक वर्षें घेतलेलें होतें, आणि चित्र घेणारी व्यक्तीहि त्याच अभ्यासांतली त्यांची मैत्रीण होती. विनोद विकत घ्यावा लागला नाहीं, तो अंगीं होता. ज्याच्या अंगीं तो नाहीं त्यानें या दीड मिनिटाची नक्कल करूं जावें तर हांसूं येण्याऐवजीं कींवच येते.

आपल्या देशांत सप्टेंबर २०१६ मध्यें जिओची सेवा सुरू झाल्यावर इंटरनेट अतिशय स्वस्त झालें, आणि खेड्यापाड्यांतील माणूसहि व्हिडिओ पाहूं लागला. तेव्हां वरील इतिहासावरून आपल्या लहान उद्योजकानें कोणता बोध घ्यावा? मला दिसतो तो असा. चित्र घेण्यापूर्वीं आपल्या वस्तूचा एकच गुण निवडावा, आणि तो एका वाक्यांत सांगतां येत नसेल तर कॅमेरा उचलूंच नये. तो गुण हातांच्या कृतींतून दाखवावा. विणकराच्या मागावर पदराचा मोर कसा उमटतो, मसाल्याची मिरची कशी निवडली आणि भाजली जाते, घसरणारी साखळी कारागीर कशी ताणून बसवितो, हें आपल्याला नित्याचें असलें तरी परक्यास अपूर्व असतें. ब्लेंडटेकच्या भुशाचा धडा हाच. पाहणाराचें बोट पुढच्या चित्राकडे सरकण्यास टपलेलें असतें. म्हणून कंपनीचें नांव, संगीत आणि नमस्कार यांत आरंभ न दवडतां पहिल्या कांहीं सेकंदांतच मुख्य कृति समोर यावी. उजेडासाठीं खिडकी पुरेशी आहे. मात्र ती कॅमेऱ्याच्या पाठीशीं असावी. डोळे अस्पष्ट चित्र एक वेळ सहन करतात, परंतु अस्पष्ट शब्द ऐकून माणूस लगेच निघून जातो. यास्तव थोडे पैसे खर्चावयाचे असतील तर ते प्रथम कॉलरला लावण्याच्या छोट्या मायक्रोफोनवर खर्चावे. पुष्कळ लोक आवाज बंद ठेवून पाहतात, त्यांच्यासाठीं बोलणें अक्षरांतहि द्यावें. किंमत आणि मागणी कोठें नोंदवावी हें शेवटीं स्पष्ट सांगावें. आणि एका व्हिडिओनें नशीब उघडेल ही आशा न धरतां, रोज रोपाला पाणी घालावें त्या नेमानें दर आठवड्यास एक लहानसें चित्र करीत राहावें.

आतां शेवटची आणि माझ्या मतें सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ज्या वेळीं जाहिरातीचें दार एकच होतें त्या वेळीं त्या दाराशीं कांहीं तपासणी होत असे. आतां दार गेलें, त्याबरोबर द्वारपालहि गेला. गुडघेदुखीवर सात दिवसांत गुण, महिनाभरांत टकलावर केस, असल्या आश्वासनांचे व्हिडिओ आज विपुल आहेत. प्रेक्षकांचे खोटे आकडे विकत घेऊन लोकप्रियतेचा देखावा उभा करणारेहि आहेत. जादूच्या औषधांच्या जाहिरातींस आळा घालणारा कायदा आपल्याकडे १९५४ सालींच झाला. जाहिरातदारांनीं स्वतःहून नेमलेली ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ही संस्था १९८५ पासून मुंबईंत आहे, आणि पैसे घेऊन केलेली शिफारस तशी उघड सांगितली पाहिजे असा दंडक तिनें २०२१ सालीं समाजमाध्यमांवरील प्रसिद्ध व्यक्तींस घालून दिला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस पहिल्या खेपेस दहा लाख रुपयांपर्यंत दंड ठेविला आहे. कायदा आपल्या जागीं योग्यच आहे. पण लहान व्यापाऱ्यास कायद्याहून मोठें भय दुसरेंच असावें. मोठ्या कंपनीची एक जाहिरात खोटी ठरली तर ती दुसरी करते, दुसरें नांव धारण करते. चार गल्ल्यांत ओळख असलेल्या मनुष्यापाशीं पत हेंच भांडवल. तें एकदां गेलें कीं कोणतीहि पेढी तें परत देत नाहीं. ज्या व्हिडिओनें त्याची वस्तु हजार घरांत पोंचविली, तोच व्हिडिओ त्याचा खोटेपणाहि त्याच हजार घरांत पोंचवितो, आणि तो पुसून टाकला तरी कोणाच्या तरी फोनमध्यें शिल्लक राहतो.

फाळक्यांच्या कुंडींतला वाटाणा खराच उगवला होता, म्हणून त्यावर कर्ज मिळालें. ज्यांनीं कर्ज दिलें त्यांस पुढें ‘हरिश्चंद्र’ पाहावयास मिळाला. म्हणजे त्या मिनीटभराच्या चित्रानें दिलेलें वचन पुढें पाळलें गेलें. आपल्या घरांतील एखादा तरुण, एखादी सून किंवा कन्या असा व्यवसाय आरंभीत असेल, तर महाग यंत्रांच्या याद्या तिच्यापुढें ठेवण्यापूर्वीं तिला एवढेंच विचारावें: तुझ्या वस्तूंत असें काय आहे, कीं जें नुसतें दाखविलें तरी पुरे व्हावें? त्याचें उत्तर तिच्यापाशीं असेल तर खिडकींतला उजेड आणि हातांतला फोन तिला पुष्कळ होईल. उत्तर नसेल तर आधीं वस्तु सुधारावी, आणि चित्राची घाई करूं नये.